कुरूप नव्हे, चामखीळ: तळपायाचे एक चिवट दुखणे

माझ्या मुलाच्या उजव्या टाचेत सहा महिने खडा टोचत होता. निदान त्याची तक्रार तरी तशीच होती. आम्ही बूट उलटे करून झटकले, मोजे बदलले, नवे बूटही आणले. शेवटी एका रविवारी त्याला खिडकीपाशी पालथे झोपवून टाच उजेडात धरली, तेव्हा मसुराच्या दाण्याएवढा, राखट रंगाचा, खरखरीत असा एक गोल दिसला. घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवले की हे कुरूप आहे. औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणली, ती तीन-चार दिवस चिकटवून ठेवली, पांढरी पडलेली कातडी सोलून काढली आणि बरे झाले असे समजून विषय सोडून दिला. महिन्याभरात तो गोल पुन्हा तसाच वर आला, आणि असे तीनदा झाल्यावर त्याच्या शेजारी आणखी दोन ठिपके उगवले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून अर्धा मिनिट पाहिले आणि मग तो गोल दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबला. मुलगा कळवळला. "हे कुरूप नाही, चामखीळ आहे," त्या म्हणाल्या. "कुरुपावर वरून दाब दिला तर जास्त दुखतं, चामखिळीला बाजूने चिमटा घेतला तर." इतकी साधी परीक्षा आपल्याला आधी कोणी का सांगितली नाही, असे मला तेव्हा वाटले, आणि हा लेख लिहिण्याचे पहिले कारण तेच आहे.

मराठीत या बाबतीत नावांचा घोळ बराच आहे. कुरूप, भोवरी, घट्टा, मस आणि चामखीळ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. घट्टा म्हणजे सततच्या घर्षणाने जाड झालेली त्वचा. कुरूप किंवा भोवरी म्हणजे अशाच दाबाखाली एका ठिपक्यात गोळा होऊन खिळ्यासारखी आत रुतलेली जाड त्वचा. ही दोन्ही दुखणी बुटांची, चालण्याच्या पद्धतीची किंवा हाडाच्या उंचवट्याची देणगी असतात, आणि त्यांच्यात कोणताही जंतू नसतो. आयुर्वेदात सुश्रुतांनी क्षुद्ररोगांमध्ये 'कदर' नावाचा विकार सांगितला आहे, तो खड्याने पाय दुखावल्याने किंवा काटा रुतल्याने होतो असे ते म्हणतात, आणि ते वर्णन कुरुपाशीच जुळते. मानेवर किंवा काखेत लोंबणाऱ्या मऊ कातडीच्या तुकड्यांनाही आपण चामखीळच म्हणतो, पण तीही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा संसर्गाशी काही संबंध नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून चामखीळ पाडण्याचा जो उपाय गावोगावी ऐकू येतो, तो देठ असलेल्या अशा लोंबत्या चामखिळीचा आहे. तळपायाची चामखीळ देहाच्या वजनाने आत दाबली गेलेली असते, त्यामुळे तिला बांधण्याजोगा देठच नसतो.

तळपायावरची खरी चामखीळ विषाणूमुळे होते. ही गोष्ट १९०७ साली ज्युसेप्पे च्यूफो या इटालियन डॉक्टराने स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिली. चामखिळीचा अर्क त्याने जिवाणूसुद्धा अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तो स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, आणि काही महिन्यांनी त्या जागी चामखिळी उगवल्या. त्या विषाणूला आज आपण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या नावाने ओळखतो. हे नाव ऐकताच अनेक जणींच्या पोटात गोळा येतो, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात तेच नाव कानावर पडलेले असते. त्या भीतीचे येथेच निराकरण केले पाहिजे. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची आवडती जागा ठरलेली असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात, तर तळपायाच्या चामखिळी प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या प्रकारांमुळे होतात. पायाला चामखीळ झालेल्या मुलीला त्यामुळे पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, असे मुळीच नाही.

हा विषाणू त्वचेत शिरतो तो बारीकशा भेगेतून, ओरखड्यातून किंवा पाण्यात बराच वेळ राहून मऊ पडलेल्या कातडीतून. त्याच्यावर स्निग्ध आवरण नसते, म्हणून तो कोरडे पडण्याला फारसा भीत नाही आणि ओल्या फरशीवर, जलतरण तलावाच्या काठावर किंवा सामायिक न्हाणीघरात दीर्घकाळ टिकून राहतो. शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारणतः दोन ते सहा महिने जातात, क्वचित वर्षाहूनही अधिक, त्यामुळे ती नेमकी कोठून आली हे शोधून काढणे बहुधा अशक्यच असते. आमच्याकडेही संशयाची बोटे पोहण्याच्या तलावाकडे, शाळेच्या मैदानाकडे आणि एका पाहुण्याच्या स्लिपरकडे वळली होती. त्या शोधात वेळ घालवण्यात काही हशील नव्हते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, हे या विषाणूचे संपूर्ण जग असते. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत कडक होत जातात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत मरून गळून पडतात. विषाणू तळाच्या पेशीत शिरतो आणि तिच्या या प्रवासाबरोबर वर येताना स्वतःच्या प्रती तयार करत जातो. पेशी गळते तेव्हा तिच्याबरोबर हजारो नवे विषाणू बाहेर पडतात. तो रक्तात उतरत नाही आणि आसपासच्या पेशी फोडत नाही, म्हणून जळजळ किंवा सूजही निर्माण होत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना संशय यावा असे तो काहीच करत नाही, आणि म्हणूनच महिनोन्‌महिने रोगप्रतिकारशक्ती त्याच्याकडे लक्ष देत नाही. या आजाराची चिवटाई त्याच्या या लपून राहण्यात आहे.

चामखिळीला खोलवर मुळे असतात आणि ती 'मुळासकट' काढली पाहिजे, हा समज यावरूनच चुकीचा ठरतो. जाड झालेली बाह्यत्वचा वजनाच्या दाबाने आतल्या बाजूला फुगते, पण ती बाह्यत्वचेची सीमा ओलांडत नाही. तिच्यात जे काळे ठिपके दिसतात, ज्यांना लोक मुळे किंवा बिया म्हणतात, त्या वाढलेल्या त्वचेला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या असतात, आणि त्यांतील रक्त गोठल्यामुळे त्या काळ्या दिसतात. वरची मेलेली कातडी हलकेच घासली की हे ठिपके दिसू लागतात आणि कधी त्यांतून टाचणीच्या टोकाएवढे रक्तही येते. कुरुपाच्या बाबतीत आत काचेसारखा स्वच्छ, पिवळसर गाभा दिसतो, रक्त येत नाही. आणखी एक खूण तर घरच्या घरी भिंगाशिवायही पाहता येते. आपल्या तळपायावर हाताच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून त्या रेषा जातात, चामखिळीपाशी मात्र त्या थांबतात आणि तिला वळसा घालून पलीकडे पुन्हा सुरू होतात. ही रेषांची खूण लक्षात ठेवावी, कारण आजार संपला की नाही हेही शेवटी तीच सांगते. कधी कधी अनेक लहान चामखिळी एकमेकींना खेटून फरशीच्या तुकड्यांसारखा सपाट पट्टा तयार करतात. हा प्रकार कमी दुखतो, पण बरा व्हायला सर्वांत जास्त वेळ घेतो.

आता उपचारांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तळपायाच्या चामखिळीला मारणारे, थेट विषाणूवर चालणारे खात्रीचे औषध आजवर मिळालेले नाही. ती बरी होते ती शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला विषाणूची चाहूल लागल्यावर. लहान मुलांमध्ये सुमारे दोन तृतीयांश चामखिळी काहीही न करता दोन वर्षांच्या आत नाहीशा होतात, मोठ्यांमध्ये याला अधिक काळ लागतो. आपण जे उपचार करतो ते दोन कामे करतात: विषाणूने भरलेली जाड कातडी कमी करतात, आणि त्या जागी थोडीशी इजा करून शरीराच्या पहारेकऱ्यांना तिकडे बोलावून घेतात. म्हणूनच कधी एका चामखिळीवर उपचार केला तर पायावरच्या इतर सगळ्याच एकदम काळ्या पडून गळतात. आणि म्हणूनच जगातल्या प्रत्येक आजीकडे, प्रत्येक गावाकडे चामखिळीचा एक रामबाण उपाय असतो. आपोआप जाणाऱ्या दुखण्यावर आदल्या महिन्यात जे काही लावले असेल, त्याच्या पदरात यश पडते. आजी खोटे बोलत नसते, तिने चामखीळ गेलेली खरोखरच पाहिलेली असते.

यावरून उपचार निवडण्याची माझी कसोटी ठरली: आजार बहुधा जाणारच आहे, तर जो उपाय पायाचे कमीत कमी नुकसान करील तो आधी. या कसोटीवर सॅलिसिलिक अ‍ॅसिड पहिले येते. आमच्या कॉर्न कॅपमध्येही तेच होते, बहुधा ४० टक्के. म्हणजे औषध योग्यच होते, आमची चूक ही की आम्ही ते चार दिवस लावून तीन आठवडे सोडून देत होतो. विषाणूला पुन्हा कातडी जाड करायला तेवढा अवधी पुरेसा असतो. हे औषध रोज, न चुकता, सुमारे १२ आठवडे लावायचे असते. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली जगभरातल्या चाचण्या एकत्र पडताळून पाहिल्या, तेव्हा नुसत्या थांबण्यापेक्षा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फायदा होतो, पण तो माफक असतो, असेच निष्पन्न झाले.

ते कसे लावायचे हे डॉक्टर बाईंनी आम्हाला करून दाखवले, आणि तीन महिने रोज रात्री आमच्या घरात तो कार्यक्रम चालला. मुलाचा पाय कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे ठेवायचा. कातडी मऊ झाली की एका वेगळ्या ठेवलेल्या वजरीने वरचा पांढरट थर हलकेच घासायचा, दुखू लागण्याआधी थांबायचे. पाय कोरडा करून चामखिळीभोवतीच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलीनचे बारीक कडे करायचे, म्हणजे औषध ओघळून तेथे भाजत नाही. मग काडीच्या टोकाने एक थेंब नेमका मध्यभागी सोडायचा, तो वाळून पांढरी पापडी झाली की वर चिकटपट्टी लावून टाकायची. जागा लाल होऊन हुळहुळू लागली तर दोन-तीन दिवस विश्रांती द्यायची आणि पुन्हा सुरू करायचे. ती वजरी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पायाला लावायची नाही, आणि मुलाच्याही निरोगी टाचेला नाही, कारण घासण्याच्या ओरखड्यांतूनच विषाणू नव्या जागी पेरला जातो. आमच्याकडचे दोन नवे ठिपके बहुधा आम्ही स्वतःच असे पेरले होते.

अनेकांना वाटते की दवाखान्यातला 'बर्फाचा' उपचार जास्त जोरकस असणार. या उपचारात उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ काही सेकंद गोठवतात. जागेवर फोड येतो, दोन-तीन दिवस चांगलेच दुखते, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागते. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तळपायाची चामखीळ असलेल्या २४० जणांपैकी निम्म्यांना घरी रोज ५० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावायला दिले आणि निम्म्यांवर गोठवण्याचा उपचार केला. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण १४ टक्के होते. हा आकडा वाचून मला प्रथम धक्का बसला आणि नंतर धीर आला. धक्का यासाठी की इतके करूनही सातांपैकी एकच, आणि धीर यासाठी की माझ्या मुलाच्या टाचेवर काही वेगळेच संकट ओढवलेले नव्हते, हा आजार असाच रेंगाळतो. लहान मुलाला गोठवण्याच्या वेदनेतून नेण्याआधी हे आकडे आईवडिलांना माहीत असावेत असे मला मनापासून वाटते.

घरगुती आणि नैसर्गिक उपायांबद्दल मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पाय तिथेच दुखावतात. आमच्या आत्याने फोनवर ऐकले आणि लगेच सांगितले, "अगं, डॉक्टर कशाला, बिब्ब्याचा एक चटका दे, महिन्यात गळून पडेल." तिच्या लहानपणी तिने हे पाहिलेले होते. बिब्बा हे काजू-आंब्याच्या कुळातले फळ. त्याच्या काळ्या तेलात त्वचेला भाजणारी आणि तीव्र ॲलर्जी उठवणारी द्रव्ये असतात. पूर्वी धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायला ते वापरत, यावरूनच त्याचा जोर लक्षात यावा. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या अंगावर पुरळ, सूज आणि पाण्याने भरलेले फोड येतात, आणि 'बिब्बा उतला' हा आपला शब्दप्रयोग त्यातूनच आला आहे. वैद्य तो शुद्ध करूनच औषधात वापरतात. कच्च्या बिब्ब्याचे तेल तापवून टाचेवर टेकवणे म्हणजे एका मसुराएवढ्या दुखण्यासाठी सगळा तळपाय पणाला लावणे होय. आत्याला हे मी हळूच समजावून सांगितले. तिने ऐकले, पण तिला पटले असे म्हणवत नाही.

चुना आणि धुण्याचा सोडा, किंवा चुना आणि पापडखार यांचा लेप हा दुसरा ऐकीव उपाय. ही दोन्ही घरातलीच असल्यामुळे निरुपद्रवी वाटतात, पण ओला चुना आणि सोडा एकत्र आले की त्यांच्या रासायनिक क्रियेतून कॉस्टिक सोडा तयार होतो. आम्लाने भाजले तर वरच्यावर एक खपली धरून आत जाणे बरेचदा थांबते, क्षाराने भाजलेले मात्र मांस विरघळवत आत उतरत राहते, आणि सुरुवातीला फारसे दुखत नसल्यामुळे माणूस तो लेप वेळेवर धुवतही नाही. तळपायावर अशी जखम भरली तरी मागे राहणारा व्रण दर पावलाला टोचतो, म्हणजे चामखीळ परवडली असे म्हणायची वेळ येते.

रुईचा चीक काटा वर आणण्यासाठी आणि कुरुपावर लावण्यासाठी आजही वापरला जातो. त्या चिकात प्रथिने विरघळवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे कातडी मऊ पडते हे खरे. पण त्याच हाताने डोळा चोळला गेला तर डोळ्याच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे स्वच्छमंडलाला, इजा होऊन दृष्टी धूसर होते, आणि भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत. लहान मूल घरात असताना हा चीक हाताळू नये, इतके मी निश्चित म्हणेन.

कच्च्या लसणाची पाकळी ठेचून रात्रभर बांधण्याचा सल्ला आता समाजमाध्यमांवरून फिरतो. लसणाच्या विशिष्ट अर्कावर लहान चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतले निष्कर्ष आशादायक होते, पण प्रयोगशाळेत काढलेला अर्क आणि ठेचलेली पाकळी या एकच गोष्टी नव्हेत. रात्रभर बांधलेल्या लसणाने त्वचा भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये साधारण पाच टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असते. ते कातडी थोडी मऊ करते, बराच वेळ बांधून ठेवले तर भाजते, आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडपेक्षा वरचढ असल्याचा पुरावा त्याच्या बाजूने नाही. केळ्याच्या सालीची आतली बाजू, हळद, कोरफडीचा गर, एरंडेल तेल यांनी अपाय होत नाही. रात्रभर झाकून ठेवल्यामुळे कातडी मऊ पडून वजरीने घासणे सोपे जाते एवढा उपयोग त्यांचा असू शकतो, आणि ज्याला तेवढ्याने समाधान वाटते त्याने ते जरूर लावावे, विषाणू त्यामुळे मरतो असे मात्र समजू नये.

नुसत्या चिकटपट्टीची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका लहान चाचणीत जाड, चंदेरी डक्ट टेप सहा दिवस लावून ठेवणे, सातव्या दिवशी भिजवून घासणे आणि पुन्हा लावणे या उपायाने ८५ टक्के चामखिळी गेल्याचे दिसले, गोठवण्याच्या उपचाराने ६०. वर्तमानपत्रांनी हा निष्कर्ष उचलून धरला. पुढे २००६ साली लहान मुलांवर आणि २००७ साली मोठ्यांवर झालेल्या चाचण्यांत मात्र टेप आणि बनावट उपचार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही माझ्या दृष्टीने हा उपाय वाईट नाही. तो स्वस्त आहे, दुखत नाही, चामखीळ झाकली गेल्याने दुसऱ्यांना संसर्ग होण्याची शक्यता कमी होते, आणि मुलाचे बोट सारखे तिथे जात नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडवर झाकण म्हणून आम्ही तोच वापरला.

उष्णतेचा उपयोग होतो का, हाही प्रश्न विचारला जातो. चीनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत विशेष उपकरणाने चामखीळ ४४ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे शेकली, तेव्हा सुमारे निम्मे रुग्ण तीन महिन्यांत बरे झाले. पण तिथे तापमान यंत्राने काटेकोर सांभाळलेले होते. घरी गरम विटेने किंवा उकळत्या पाण्याच्या वाफेने असा शेक घेऊ पाहणारा माणूस चामखिळीऐवजी पाय भाजून घेतो.

तीन-चार महिने नेटाने प्रयत्न करूनही चामखीळ हटली नाही, किंवा तिच्यामुळे चालणे अवघड झाले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढचे पर्याय असतात. रोगप्रतिकारशक्तीला थेट जागे करण्याचे उपचार गेल्या काही वर्षांत भारतात बरेच रुळले आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा ड-३ जीवनसत्त्व एका मोठ्या चामखिळीत थोड्या प्रमाणात टोचले जाते, काही आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा केले जाते, आणि शरीराला एकदा ओळख पटली की दूरच्या चामखिळीही मावळतात. मोज्याएवढ्या भागावर पसरलेल्या चामखिळींसाठी मला हा मार्ग सर्वांत तर्कशुद्ध वाटतो. विजेने जाळणे, लेझर आणि शस्त्रक्रिया हे उपायही आहेत, पण तळपायावर सुरीने कापून काढण्याची घाई करू नये. व्रण दुखरा राहतो आणि शेजारच्या त्वचेत विषाणू उरलेला असेल तर चामखीळ परत येते. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत आम्हाला 'आजच कापून टाकू' असे सुचवले गेले होते. मी तेव्हा एक दिवस मागून घेतला, याचे मला आजही समाधान वाटते.

काही माणसांनी मात्र घरगुती किंवा दुकानातून आणलेला कोणताच उपाय करू नये. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अ‍ॅसिडने भाजले किंवा वजरीने खरवडले तरी त्यांना कळत नाही, आणि न कळलेली छोटी जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. आपल्या घरांत मधुमेहाचे प्रमाण पाहता ही सूचना मी पुन्हा करते: आजी-आजोबांच्या पायावर कॉर्न कॅप चिकटवण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, एचआयव्हीचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनाही हेच लागू आहे. शिवाय प्रौढ वयात नव्याने आलेली गाठ उपचारांना दाद देत नसेल, तिच्यातून रक्त किंवा स्राव येत असेल, तिचा रंग बदलत किंवा पसरत असेल, तर तिचा तुकडा तपासून घ्यावा. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत दुर्मीळ आहे, पण झालाच तर तो अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि चामखीळ किंवा कुरूप समजून महिनोन्‌महिने त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

संसर्ग टाळण्यासाठी घरात फार मोठे सोवळे पाळण्याची गरज नाही. जलतरण तलावाच्या काठावर आणि तेथल्या न्हाणीघरात स्लिपर घालावी, टॉवेल, मोजे आणि वजरी स्वतंत्र ठेवावी, पोहताना चामखिळीवर पाण्यात न सुटणारी पट्टी लावावी. पावसाळ्यात ओले बूट-मोजे दिवसभर पायात राहिले की कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि विषाणूला तीच हवी असते, म्हणून शाळेच्या दप्तरात मोज्यांचा एक कोरडा जोड असावा. चामखीळ झाली म्हणून मुलाचे पोहणे किंवा खेळणे बंद करू नये, तशी काही आवश्यकता नसते. ती नखाने किंवा ब्लेडने कोरू मात्र देऊ नये, कारण त्याने बोटांवरही ती उगवते.

दहाव्या आठवड्यात माझ्या मुलाच्या टाचेवरचा मोठा गोल गडद तपकिरी झाला, आणि आम्हाला वाटले की काही बिघडले. डॉक्टर बाई म्हणाल्या की ही चांगली खूण आहे, थांबू नका. बाराव्या आठवड्यात ती जाड टिकली भिजवल्यावर आपसूक सुटली. खाली गुलाबी, नवी कातडी होती, पण मध्यभागी एकच काळा ठिपका अजून शिल्लक होता, म्हणून आणखी तीन आठवडे थेंब घालत राहिलो. मग पुन्हा एका रविवारी त्याला खिडकीपाशी पालथे झोपवले आणि टाच उजेडात तिरकी धरली. काळे काही उरले नव्हते, आणि तळपायाच्या बारीक रेषा एका कडेने येऊन, कोठेही वळसा न घालता, त्या जागेवरून सरळ पलीकडे गेल्या होत्या.